गीझर गळतोय: बादली ठेवण्याआधी

ताई, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. वाघोलीत भाड्याचा फ्लॅट, बाथरूममध्ये १५ लिटरचा उभा गीझर, सात वर्षांचा. पाणी बोअरचं, कमी पडलं की टँकरचं. पंधरा दिवसांपासून खालून थेंब पडतायत, बटण लावलं की जास्त. बादली ठेवून दिवस ढकलणं चाललंय. फोटोही पाठवलेत. सासरे म्हणतात, आंघोळीआधी बटण बंद केलं की झालं. आणि प्लंबरने फोनवरच निकाल दिला: व्हॉल्व्ह गेलाय, त्याचं भोक बंद करून देतो. इतकं सोपं असेल तर करून टाकू का, हा तुमचा प्रश्न.

करू नका. गीझर गळण्याची निदान सात-आठ कारणं असतात आणि त्यातली बहुतेक त्रासदायक असली तरी जिवावर बेतणारी नसतात. जिवावर बेततं ते दोन गोष्टींनी. गळणाऱ्या पाण्याची विजेशी गाठ पडली तर, आणि जी गळती बंद करायची नसते नेमकी तीच बंद केली तर. तुमच्या प्लंबरला दुसरी करायची आहे आणि पहिलीकडे घरात कोणाचंच लक्ष नाही. मी २६ वर्षं पुण्यात गीझरची आणि बाथरूमच्या वायरिंगची कामं करतोय. हे दोन्ही प्रकार डोळ्यांनी पाहिलेत, म्हणून जरा लांबण लावून सांगतो.

आधी वीज. तुमच्या सासऱ्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. बाथरूमबाहेरचं १६ अँपिअरचं बटण दोन तारांपैकी एकच तार तोडतं. ती फेजची, म्हणजे वीज घेऊन येणारी, असायला हवी. पण घाईत वायरिंग करणाऱ्याने फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल केली असेल, तर बटण बंद केल्यावर दिवा विझतो, पाणी तापणं थांबतं, आणि आतली पाणी तापवणारी कॉइल मात्र फेजवर लटकलेलीच राहते. अशी घरं मला दर पावसाळ्यात एखाद-दुसरं तरी सापडतं. म्हणून गळणाऱ्या गीझरला बटण बंद केलं एवढं पुरत नाही. डीबीपाशी, म्हणजे घरातल्या सगळ्या स्विचांच्या पेटीपाशी जा आणि गीझरचा एमसीबी, म्हणजे त्या पेटीतला त्याचा स्विच, खाली पाडा. कुठला ते माहीत नसेल, किंवा नळाला हात लावल्यावर कधी मुंग्या आल्यासारखं झालं असेल, तर सरळ मेन बंद करा. मेन दोन्ही तारा तोडतो. जाताना पाय कोरडे, चप्पल रबरी. आणि बाथरूममध्ये भिंतीवर जो थ्री-पिन प्लग लोंबतोय, त्याला ओल्या हाताने ओढायचं नाही, आधी डीबी.

डीबीत एक रुंद स्विच असतो, त्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं छोटं बटण असतं. तो आरसीसीबी, जुनी माणसं त्याला ईएलसीबी म्हणतात. त्यावर ३० एमए (मिलिअँपिअर) छापलेलं बघा. नसेल तर घरमालकाला पहिला निरोप त्याचाच द्या. एमसीबी वायर वाचवायला असतो, माणूस वाचवायला नाही. दोन हजार वॉटचा गीझर पावणेनऊ अँपिअर खेचतो आणि त्याचा एमसीबी १६ किंवा २० अँपिअरचा असतो. माणसाच्या अंगातून त्याचा शंभरावा हिस्सा वाहिला तरी जीव जाऊ शकतो, आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. आरसीसीबीला लागतो. तो गीझर लावल्यावर पडत असेल तर पुन्हापुन्हा वर करू नका. ‘नाजूक आहे, काढून टाका’ असं सांगणारा इलेक्ट्रिशियन भेटला तर चहा पाजून वाटेला लावा. आणि अर्थिंगची तार नाही म्हणून प्लगमध्येच न्यूट्रलवरून अर्थ जोडून देणारे महाभागही आहेत. त्या जोडणीत न्यूट्रल कुठे सुटला की गीझरची अख्खी बॉडी फेजवर येते.

वीज गेली, आता पाणी. गळती थेंब-थेंब असेल आणि खालच्या झाकणाजवळून पाणी उडत नसेल, तर लगेच कॉक बंद करायच्या आधी गरम नळ पाच-सात मिनिटं वाहू द्या. वीज बंद आहे, त्यामुळे गरम पाणी निघून जातं आणि त्याच्या जागी गार येतं. ६० अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत कातडी सोलतं. पुढे जो कोणी पाना लावणार आहे, त्याच्या डोक्यावर ते पडायला नको. मग गीझरकडे गार पाणी आणणाऱ्या पाइपवरचा अँगल कॉक बंद करा. बोअरच्या पाण्याने हे कॉक क्षार धरून घट्ट बसलेले असतात. हाताने फिरला तर ठीक. पाना लावून, जोर काढून फिरवू नका. कॉक भिंतीतल्या सॉकेटपाशी मोडला, की गळका गीझर परवडला म्हणायची वेळ येते. त्यापेक्षा डक्टमधला किंवा गच्चीवरचा तुमच्या फ्लॅटचा व्हॉल्व्ह बंद करा.

आता इथे सगळेच फसतात. कॉक बंद केला, गरम नळ उघडला, थोडंसं पाणी आलं आणि थांबलं. म्हणजे गीझर रिकामा झाला, असं वाटतं. झालेला नसतो. टाकी काठोकाठ भरलेली असते. आमच्या घरी लहानपणी जो तांब्याचा बंब होता, त्याच्या नरसाळ्यात एक तांब्या गार पाणी ओतलं की तेवढंच गरम पाणी बाहेर यायचं, ओतल्याशिवाय थेंब नाही. उभ्या गीझरचं तेच आहे. गार पाणी तळाशी शिरतं, आणि गरम पाणी नेणारी नळी आत थेट वरपर्यंत गेलेली असते. गार पाणी ढकलेल तेव्हाच गरम बाहेर पडेल. टाकी खरोखर रिकामी करायची तर गरम नळ हवा आत यायला उघडा ठेवून गार बाजूचा जोड खालून सोडावा लागतो. तेव्हा १५ लिटर पाणी धो-धो येतं. हे माहीत नसल्याने हौसेने गीझर उतरवणारे लोक भिजतात. त्याहून वाईट म्हणजे तो हातातून सुटतो. पाण्यासकट त्याचं वजन पंचवीस किलोच्या आसपास जातं. भिंत सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या ठोकळ्यांची असेल आणि खिळे ढिले झाले असतील तर तो असाही खाली झुकलेला असतो. भिंत आणि गीझर यांच्यात वरच्या बाजूला फट वाढलीय का, हे तुम्ही खालूनच बघू शकता. वाढली असेल तर त्याच्या खाली आंघोळ नको.

आता तुमच्या फोटोंकडे येतो. गीझर कुठून गळतो यापेक्षा कधी गळतो हे मला जास्त सांगतं. पण पहिल्यांदा एक कोरडं फडकं घेऊन गीझर आणि पाइप वरपासून खालपर्यंत पुसून काढा, आणि प्रत्येक जोडाला टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळा. वीज बंदच. तासाभराने बघा. पाणी खाली वाहत येतं, त्यामुळे सगळ्यात वरची ओली पट्टी खरं बोलते. खालच्या पट्ट्या नुसत्या साक्षीदार. मागच्या वर्षी एका घरी दोन मेकॅनिक येऊन गेले होते, गीझरचं गॅस्केटही, म्हणजे जोडातलं रबर, बदललं होतं, तरी गळतंच. मी पट्ट्या लावल्या तर गीझरच्या डोक्यावरची पट्टी भिजली. गळत होतं वरच्या फ्लॅटचं बाथरूम. लॉफ्टच्या स्लॅबमधून पाणी गीझरवर पडून खाली ओघळत होतं. नवीन गॅस्केटचे पैसे गेले ते गेलेच.

तुमच्या फोटोत मला दोन वेगळी ठिकाणं दिसतायत. एक, गार पाण्याच्या बाजूला जो पितळी व्हॉल्व्ह आहे, त्याच्या बगलेतल्या बारीक तोंडाशी स्वच्छ थेंब. दोन, खालच्या प्लास्टिक झाकणाच्या कडेला तपकिरी ओघळ, त्याच्या टोकाला पांढरी साखरेसारखी खरप. तुमचा प्लंबर पहिल्याच्या मागे लागलाय. मला काळजी दुसऱ्याची आहे.

व्हॉल्व्हची गोष्ट आधी संपवू. पाणी तापलं की फुगतं. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांवर नेलं तर ते पाव लिटरने वाढतं. वाढलेलं पाणी जाणार कुठे? पूर्वी ते आलेल्या पाइपातून मागे गच्चीवरच्या टाकीकडे सरकायचं. आता या व्हॉल्व्हमध्येच एनआरव्ही असतो, म्हणजे पाणी आत येतं, मागे जात नाही. मग दाब वाढतो, आणि ठरलेल्या आकड्याला व्हॉल्व्ह किंचित उघडून थेंब बाहेर टाकतो. बऱ्याच गीझरवर तो आकडा ८ बार असतो. तुमच्या गीझरचा किती, ते बॉडीवरच्या पट्टीवर छापलेलं असेल. तेव्हा गीझर तापत असताना व्हॉल्व्ह ठिबकला आणि तापणं संपल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत थांबला, तर त्याला काहीही झालेलं नाही. तो नोकरी करतोय. तुम्ही लिहिलंय की बटण लावलं की जास्त गळतं. ते यातलंच.

गीझर गार असताना, रात्रंदिवस तो ठिबकत असेल तर मात्र दोन शक्यता. त्याच्या बैठकीवर क्षाराचा कण अडकलाय, किंवा इमारतीचा दाबच जास्त आहे. दर दहा मीटर उंचीला सुमारे एक बार दाब धरा. वीस मजली इमारतीत गच्चीवरची टाकी आणि दुसरा मजला यांच्यातच सहा बारच्या आसपास जातात, वर कोणी प्रेशर पंप बसवला असेल तर आणखी. तिथे पीआरव्ही, म्हणजे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह, लावून दाब उतरवावा लागतो. कण अडकला असेल तर व्हॉल्व्हची छोटी तरफ गीझर गार असताना दोन-तीनदा उचलून सोडली की कधीकधी तो धुऊन निघतो. नाहीच थांबला तर नवीन व्हॉल्व्ह, त्याच दाबाचा. ही किरकोळ वस्तू आहे.

तिसरी अवस्था वेगळी. व्हॉल्व्हमधून कढत पाणी चिळकांडीसारखं येतंय, नळ उघडला तर पाण्याऐवजी वाफ फुसफुसतेय, टाकीतून किटलीसारखा आवाज येतोय. म्हणजे ठरल्याइतकं पाणी तापलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅट चिकटलाय, आणि तो चुकला तर वीज तोडणाऱ्या कटआउटनेही दगा दिलाय. अशा वेळी काही उघडायचं नाही, काही बंद करायचं नाही. मेन पाडायचा, बाथरूमचं दार लावायचं, आणि रात्रभर तिकडे फिरकायचं नाही.

पिंपरीकडच्या एका घरून मला असाच फोन आला होता: “नळातून नुसती वाफ येते.” मी फोनवरच मेन पाडायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. खालचं झाकण पोटासारखं फुगलं होतं. व्हॉल्व्हच्या भोकात कोणीतरी एमसीलची गोळी दाबून वर स्क्रू पिळला होता, ‘ठिबकणं बंद करून दिलं’ म्हणून. थर्मोस्टॅट चिकटून किती वेळ झाला होता देव जाणे. दाबाखालचं पाणी शंभर अंशांना उकळत नाही, ते पाणी म्हणूनच त्याच्या कितीतरी वर तापत राहतं. टाकी फाटली की दाब सुटतो आणि त्यातल्या काही पाण्याची एका क्षणात वाफ होते. वाफेला पाण्याच्या सोळाशे पट जागा लागते. बाथरूम केवढं असतं आपलं? त्या घरी हिवाळ्याचे दिवस होते, पाचही माणसं एकामागून एक आंघोळीला गेली, सारखं गार पाणी आत येत राहिलं, म्हणून निभावलं. सुट्टीच्या दिवशी बटण चालू राहून सगळे बाहेर गेले असते तर काय, याचा हिशोब मी त्यांना सांगितला नाही.

तर प्लंबरला सांगा, भोक बंद करायचं नाही. त्या तोंडाला बारीक नळी बसवून ती उताराने खाली ट्रॅपपर्यंत, म्हणजे जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीपर्यंत आणून दे, टोक उघडं ठेव. बादलीही नको आणि ठिबकही नको. याला तो हसला तर दुसरा प्लंबर बघा.

आता त्या तपकिरी ओघळाकडे. खालच्या झाकणाआड गीझरचं सगळं पोट असतं: थर्मोस्टॅट, कटआउट, कॉइलची टर्मिनलं, अर्थची तार. टाकीच्या तळाला एक गोल तबकडी, तिला आम्ही फ्लँज म्हणतो, चार-सहा नटांवर आवळलेली असते आणि मध्ये रबराचं गॅस्केट. रोज तापून-गार होऊन ते रबर सात वर्षांत जुन्या खोडरबरासारखं होतं, नख रुतत नाही. मग तिथून पाणी झिरपतं आणि थेट टर्मिनलांवर पडतं. बाहेर तुम्हाला दिसतो तो फक्त त्याचा उरलासुरला ओघळ. म्हणून म्हटलं, डीबी आधी.

झाकण तुम्ही उघडू नका, माणूस बोलवा, पण उघडताना शेजारी उभ्या राहा आणि बघा. आतलं सगळं पुसून पाण्याचा कॉक थोडा उघडायला लावा. थेंब फ्लँजच्या कडेने फुटला तर गॅस्केट. हे काम तासा-दीड तासाचं आहे. गॅस्केट जुळणारंच हवं, गाडीच्या ट्यूबमधून कापलेलं नको. फ्लँज उतरलीच आहे तर आतला गाळ काढायला सांगा. तुमच्याकडच्या पाण्यावर सात वर्षं चाललेल्या टाकीतून दोन-तीन ओंजळी पापुद्रे निघतात, अंड्याच्या टरफलासारखे, पांढरट पिवळे. कॉइल ओळखू येत नाही इतकी चुन्याने माखलेली असते. फ्लँजवरच मॅग्नेशियमचा एक दांडा असतो, बोटाएवढा जाड. टाकी गंजू नये म्हणून तो स्वतः झिजतो. तुमच्याकडे आता त्याच्या जागी सायकलच्या तारेसारखी एक काडी राहिली असेल, नाहीतर तीही नाही. तो बदला. खरं तर बोअरच्या पाण्याला दर दीड-दोन वर्षांनी बदलायचा असतो, पण मला आजवर स्वतःहून फोन करून दांडा बदला म्हणणारं एकही घर भेटलेलं नाही. कॉइलच्या नळीला चीर पडली असेल तर तीही जाते. आरसीसीबी पाडणारी बहुतेक वेळा तीच असते.

आणि फ्लँज कोरडी, पण तिच्या बाजूने, बाहेरचा पत्रा आणि आतला फोम यांच्या फटीतून थेंब येत असेल, तर टाकी गेली. फोम स्पंजासारखा पाणी पितो, त्यामुळे कॉक बंद केल्यावरही कित्येक तास टपटप चालू राहते. तपकिरी रंग पाहता मला हीच शंका जास्त आहे, पण फोटोवरून ठामपणे सांगणार नाही. काही नटही गंजून तोच रंग देतात. टाकी गेली असेल तर दुरुस्तीच्या नादी लागू नका. ‘वेल्डिंग मारून देतो’ म्हणणारे आहेत. तांब्याच्या टाक्या होत्या तेव्हा झाळ लावून चालायचं. आताच्या बऱ्याच टाक्यांना आतून काचेचा मुलामा असतो, वेल्डिंगच्या आचेने तो आजूबाजूचा तडकतो आणि चार महिन्यांत एकाऐवजी तीन भोकं पडतात. मात्र फेकण्याआधी वॉरंटीचं कार्ड शोधा. टाकीची वॉरंटी बहुतेकदा पूर्ण गीझरपेक्षा जास्त वर्षांची असते. घर भाड्याचं आहे तर ते कार्ड मालकाकडे असेल. फोटो, तारीख आणि ‘आम्ही गीझर वापरणं बंद केलंय’ हे वाक्य त्यांना आजच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, तोंडी नको.

पाइपांचं थोडक्यात. गरम बाजूची जाळीदार कनेक्शन नळी आतून रबराची असते. तिच्यावर गंजाचा ठिपका किंवा फुगवटा दिसला तर ती न गळताही बदला. गरम पाण्याला साधा पीव्हीसी नको, सीपीव्हीसी हवा. जोड गळतो म्हणून पाना मारून आणखी आवळत राहू नका, त्याने टाकीच्या निपलचे आटे जातात. खोलून, वायसर बदलून, टेफ्लॉन नव्याने गुंडाळून बसवायचा.

गॅस गीझर असता तर मी वेगळंच उत्तर लिहिलं असतं. तिथे पाणी गळण्यापेक्षा त्याच्या ज्वाळेतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड घातक. त्याला वास नाही, आणि बंद बाथरूममध्ये माणूस बसल्या जागी जातो. तो मुळात बाथरूमच्या आत नसावाच. गळू लागला तर सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून मगच बाकीचं.

काम झाल्यावर माणूस जायच्या आत काही गोष्टी तुमच्यासमोर होऊ द्या. आधी कॉक उघडून गरम नळाला फुर्रफुर्र करत हवा जाऊ द्या आणि सलग धार आल्यावरच बटण लावा. कोरडी कॉइल काही मिनिटांत जळते, आणि नवी घातलेली जळाली की भांडण. मग आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का बघा. थर्मोस्टॅटची चकती ५५-६० वर ठेवा, त्याच्या वर क्षार झपाट्याने धरतो. आणि झाकण बसवायच्या आधी अर्धा तास तापवून, वीज बंद करून, फ्लँजखाली एक टिश्यू दाबून बघा. कोरडा निघाला तरच पैसे द्या.

तोवर आंघोळीचं पाणी गॅसवर तापवा. पातेलं अर्धंच भरा आणि बाथरूममध्ये नेण्याआधी बादलीत आधी गार पाणी असू द्या. माळ्यावरचा जुना रॉड काढायचा मोह होईल. काढलाच तर बादली प्लास्टिकची आणि रॉड काठाला लाकडी पट्टीवर अडकवलेला. पाणी तापलं का ते बोट घालून बघायचं नाही. आधी प्लग काढायचा, मग रॉड, मग बोट.